रेडिओ नकाशा वाचायला शिकताना: महाकाय कृष्णविवरांचे जेट आणि भोवतालचा वायू

रेडिओ दुर्बिणींचा बराचसा डेटा ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांसाठी खुला होतो. त्यामुळे एखाद्या दीर्घिकेच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराजवळून सुटलेला जेट, म्हणजे कणांचा अरुंद झोत, पाहायला, मोजायला, त्याचा वेग काढायला स्वतःची दुर्बीण लागत नाही. साधा संगणक, इंटरनेट आणि थोडी चिकाटी एवढ्यावर भागतं. अडचण दुसरीकडे आहे. नवखा माणूस पहिली प्रतिमा उघडतो आणि तिला फोटो समजतो. रेडिओ प्रतिमा हा फोटो नव्हे, तो हिशेब आहे. हिशेब कुठे पक्का आणि कुठे कच्चा हे ओळखता येऊ लागलं की निम्मं काम झालं. या लेखातल्या पायऱ्या त्या ओळखीसाठी आहेत. गणित गुणाकार-भागाकाराच्या फारसं पुढे जात नाही.

पायरी १: जेट आणि वायू वेगळे ओळखा

जेटमधले इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावत चुंबकीय क्षेत्राभोवती गिरक्या घेतात आणि जवळजवळ सगळ्या रेडिओ वारंवारतांवर थोडं थोडं प्रारण सोडतात. हे सिंक्रोट्रॉन प्रारण. जुन्या रेडिओचा काटा कुठेही फिरवला तरी खरखर यायची, तसाच हा प्रकार. त्यामुळे जेट कोणत्याही पट्ट्यात दिसतो. फक्त कुठे ठळक, कुठे फिकट.

थंड वायूचं तसं नाही. तो ठरलेल्या जागीच बोलतो. उदासीन हायड्रोजन १४२०.४ मेगाहर्ट्झवर, कार्बन मोनॉक्साइड ११५.२७ आणि २३०.५४ गिगाहर्ट्झवर, पाण्याची वाफ २२.२३५ गिगाहर्ट्झवर. वायू आपल्यापासून दूर जात असेल तर रेषा कमी वारंवारतेकडे सरकते, जवळ येत असेल तर जास्त वारंवारतेकडे. म्हणून वायूच्या निरीक्षणातून वेग थेट हाती येतो. जेटचा वेग असा मिळत नाही, कारण त्याच्या वर्णपटात रेषाच नसते. तिथे दुसरी युक्ती लागते.

तिसरा घटक आहे तो कृष्णविवराच्या अगदी कडेचा अतितप्त वायू. तोही सिंक्रोट्रॉन प्रारणच सोडतो, आणि शेवटच्या पायरीतलं प्रसिद्ध वलय बहुधा त्याचंच.

पायरी २: मोजपट्टी हातात घ्या

दुर्बीण किती बारीक पाहू शकते हे एका भागाकारात कळतं: तरंगलांबी भागिले दुर्बिणीचा व्यास. उत्तर रेडियनमध्ये येतं. त्याला २,०६,२६५ ने गुणलं की आर्कसेकंद मिळतात. एक आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग.

एकच मोठी तबकडी बांधण्याला मर्यादा आहेत. म्हणून अनेक ॲंटेना दूरदूर ठेवून त्यांचे संकेत एकत्र जुळवतात. तेव्हा व्यासाच्या जागी सर्वांत लांबच्या दोन ॲंटेनांमधलं अंतर, म्हणजे बेसलाइन, येते. अमेरिकेतल्या व्हीएलए या दुर्बीण-समूहात २५ मीटरच्या २७ तबकड्या आहेत आणि त्या जास्तीत जास्त सुमारे ३६ किलोमीटरपर्यंत पसरतात. २१ सेंटिमीटर तरंगलांबीला ३६ किलोमीटरने भागा: उत्तर साधारण १.२ आर्कसेकंद. त्याहून कितीतरी दूरदूर पसरलेल्या व्हीएलबीए या समूहाच्या दहा तबकड्यांमधली सर्वांत लांब बेसलाइन ८६०० किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे २ सेंटिमीटरवर अर्ध्या मिलिआर्कसेकंदापर्यंत पोहोचता येतं. आणि १.३ मिलिमीटरला पृथ्वीच्या व्यासाने, १२,७४२ किलोमीटरने, भागलं की साधारण २१ मायक्रोआर्कसेकंद. जगभरच्या दुर्बिणी जोडून बनलेल्या इव्हेंट होरायझन टेलिस्कोपला, म्हणजे ईएचटीला, एवढी छोटी तरंगलांबी आणि एवढी मोठी पृथ्वी दोन्ही का लागली ते या एका ओळीत आलं.

आता या मोजपट्टीवर कृष्णविवर ठेवून पाहा. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या, न फिरणाऱ्या कृष्णविवराची, म्हणजे त्याच्या घटना क्षितिजाची (जिथून प्रकाशही परत येत नाही त्या सीमेची), त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर. एम ८७ या दीर्घिकेतलं कृष्णविवर ६५० कोटी सूर्यांएवढं, म्हणजे त्रिज्या सुमारे १९२० कोटी किलोमीटर. अंतर साडेपाच कोटी प्रकाशवर्षं. भागाकार केलात की ती त्रिज्या आकाशात साडेसात मायक्रोआर्कसेकंदांच्या आसपास भरते. हा हिशेब एकदा कागदावर स्वतः करा. नंतर कुणी व्हीएलएची प्रतिमा दाखवून ‘हे बघा कृष्णविवर’ म्हणालं तर ती दीडेक लाख पटींची तफावत तुमच्या लगेच लक्षात येईल.

पायरी ३: पहिला स्रोत सोपा घ्या

सगळ्यांना थेट एम ८७ च्या वलयाकडे जायचं असतं. तिकडे आत्ता जाऊ नका. सुरुवात मोठ्या, ठळक, दोन पाळ्यांच्या (जेटांनी दोन्ही बाजूंना फुगवलेल्या ढगांच्या) रेडिओ दीर्घिकेपासून करावी.

या जातीतला मूळपुरुष म्हणजे हंस तारकासमूहातला सिग्नस ए. १९५३ मध्ये इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेत रॉजर जेनिसन आणि मृणालकुमार दासगुप्ता यांनी दाखवून दिलं की हा स्रोत एक नसून दोन तुकड्यांचा आहे. गंमत म्हणजे त्यांच्याकडे प्रतिमा नव्हतीच. दोन ॲंटेनांमधलं अंतर वाढवत नेलं तसा संकेत आधी क्षीण झाला आणि पुढे पुन्हा वाढला. एकच ठिपका किंवा एकच गोळा असा वागत नाही, दोन वेगळे तुकडे असतील तर वागतो. त्या चढ-उतारावरून त्यांनी आकार ओळखला. आजच्या दुर्बिणीही मुळात हेच मोजतात. केंद्रातून एका पाळीकडे जाणारा बारीक, सुतासारखा जेट व्हीएलएच्या १९८४ च्या प्रतिमेत स्पष्ट दिसला. संपूर्ण रचना आकाशात जेमतेम दोन आर्कमिनिटांची, प्रत्यक्षात मात्र चार-पाच लाख प्रकाशवर्षं लांब.

सरावासाठी मी ३सी २१९ ही रेडिओ दीर्घिका सुचवेन. सुमारे तीन आर्कमिनिटांचा पसारा आहे आणि तो दोन जुन्या, खुल्या सर्वेक्षणांत सापडतो: एनव्हीएसएस आणि फर्स्ट. दोन्ही व्हीएलएचीच, दोन्ही १.४ गिगाहर्ट्झची. नासाच्या स्कायव्ह्यू या संकेतस्थळावर स्रोताचं नाव टाका, सर्वेक्षण निवडा आणि फिट्स फाइल उतरवून घ्या. जेपेग घेऊ नका. त्यात रंग उरतात, मोजमाप जातं. फाइल पाहायला डीएस९ किंवा कार्टा हे मोफत सॉफ्टवेअर पुरे.

दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवा. एनव्हीएसएसमध्ये एकमेकांना चिकटलेले फुगीर ठिपके दिसतील, फर्स्टमध्ये पाळ्या आणि त्यांच्यातली बारीक रचना. आकाश एकच, वारंवारता एकच, तरी चित्र वेगळं. फरक ॲंटेनांच्या मांडणीचा आहे: एनव्हीएसएससाठी तबकड्या जवळजवळ होत्या, बारीकी ४५ आर्कसेकंद, फर्स्टसाठी लांब, बारीकी ५ आर्कसेकंदांच्या आसपास.

फर्स्ट सरस, असा निष्कर्ष मात्र काढू नका. तबकड्या लांब ठेवल्या की बारीक गोष्टी दिसतात, पण मोठ्या, पसरट, मंद गोष्टी निसटतात. ज्या आकाराला साजेशी छोटी बेसलाइनच नाही, तो आकार प्रतिमेत उतरत नाही. प्रतिमेतल्या काळ्या जागेचे म्हणून दोन अर्थ होतात: तिथे काही नाही, किंवा तिथे जे आहे ते या मांडणीला दिसत नाही. नवख्यांचे सर्वाधिक घोटाळे इथेच होतात, आणि खरं सांगायचं तर जुन्यांचेही.

पायरी ४: चित्राआधी चार आकडे वाचा

फाइल उघडली की आधी हेडर, म्हणजे फाइलसोबतची माहिती, वाचायचा, मग चित्र पाहायचं. मी वहीत चार गोष्टी लिहून ठेवतो: वारंवारता, निरीक्षणाची तारीख, बीमचा आकार, पार्श्वभूमीचा गोंगाट.

बीम म्हणजे एखाद्या बिंदूला ही दुर्बीण किती मोठं रंगवते ते माप. छापलेल्या प्रतिमेत कोपऱ्यात एक छोटं लंबवर्तुळ असतं, तेच हे. त्याहून लहान असं जे काही तुम्हाला दिसतंय, ते खरं नाही. लंबवर्तुळ एका दिशेला लांबट असेल तर सगळेच ठिपके त्या दिशेला ताणलेले दिसतील; त्याला जेट म्हणू नका.

तीव्रतेचं एकक जान्स्की. कार्ल जान्स्की यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आकाशगंगेतून येणारी रेडिओ खरखर प्रथम टिपली, त्यांचं नाव. दर चौरस मीटर, दर हर्ट्झ इतके इतके वॅट असं ते मोजतात, आणि एक जान्स्की म्हणजे दशांशचिन्हानंतर पंचवीस शून्यं देऊन मग एक. सिग्नस ए १.४ गिगाहर्ट्झवर दीड हजार जान्स्कींच्या वर जातो; तुमचे बहुतेक स्रोत मिलिजान्स्कींत असतील.

प्रतिमेतला प्रत्येक पिक्सेल मात्र ‘जान्स्की प्रति बीम’ सांगतो. एखाद्या पाळीची एकूण तीव्रता हवी असेल तर तिच्यातल्या पिक्सेलांची बेरीज करून ती एका बीममध्ये जितके पिक्सेल मावतात त्या संख्येने भागायची. ती संख्या: १.१३३ गुणिले बीमची लांबी गुणिले रुंदी, भागिले एका पिक्सेलचं क्षेत्रफळ. फर्स्टमध्ये बीम ५.४ आर्कसेकंद आणि पिक्सेल १.८ आर्कसेकंदांचा, म्हणजे एका बीममध्ये सुमारे १० पिक्सेल. हा भागाकार विसरलात तर उत्तर दहापट जास्त येईल, आणि ते कुठेही चुकीचं दिसणार नाही!

गोंगाट मोजायला रिकामा कोपरा निवडून तिथल्या पिक्सेलांचं प्रमाण विचलन काढा. फर्स्टमध्ये ते ०.१५ मिलिजान्स्कींच्या आसपास असायला हवं, एनव्हीएसएसमध्ये ०.४५ च्या. गोंगाटाच्या पाचपटीखाली जे आहे त्यावर बोलू नये. आणि रंगपट्टी नेहमी ऋण आकड्यांपासून सुरू करा. ऋण खड्डे लपवले की प्रतिमा सुंदर दिसते, पण स्रोताशेजारी खोल खड्डे असणं हे हिशेब बिघडल्याचं लक्षण असतं आणि नेमकं तेच नजरेआड होतं.

पायरी ५: दोन वारंवारता, एक निर्देशांक

सिंक्रोट्रॉनची तीव्रता वारंवारतेबरोबर घटते. किती झपाट्याने, हे सांगणारा आकडा म्हणजे वर्णपट निर्देशांक: तीव्रतांच्या गुणोत्तराचा लॉग भागिले वारंवारतांच्या गुणोत्तराचा लॉग. समजा १.४ गिगाहर्ट्झवर १०० मिलिजान्स्की आहेत आणि ३ गिगाहर्ट्झवर ५९. निर्देशांक येतो उणे ०.७. पाळ्यांसाठी हा नेहमीचा आकडा. त्याहून बराच खाली, उणे १ च्याही पुढे गेला तर इलेक्ट्रॉन म्हातारे झालेत: जास्त ऊर्जेचे आधी थकतात, म्हणून वरच्या वारंवारता आधी मालवतात. केंद्राजवळ मात्र निर्देशांक शून्याच्या आसपास असतो, कारण तिथला दाट जेट स्वतःचंच प्रारण शोषतो. दोन पाळ्यांच्या मधला, सपाट वर्णपटाचा, बीमएवढाच ठिपका सापडला की कृष्णविवराचा पत्ता बहुधा तोच.

३ गिगाहर्ट्झसाठी व्हीएलएचंच व्हीलॅस सर्वेक्षण आहे, बारीकी अडीच आर्कसेकंद. खालच्या टोकाला पुण्याजवळच्या जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्यांवर झालेलं १५० मेगाहर्ट्झचं टीजीएसएस आणि युरोपातल्या लोफार दुर्बिणीचं १४४ मेगाहर्ट्झचं सर्वेक्षण. मात्र दोन प्रतिमा सरळ भागू नका. आधी दोन्ही एकाच बीमवर आणा, म्हणजे बारीक असलेली धूसर करा. तरीही व्हीलॅसमधून पसरट पाळ्यांचा काही भाग निसटलेला असतोच, आणि मग निर्देशांक खोटाच तीव्र दिसतो. तिथल्या झटपट प्रतिमांतल्या तीव्रताही थोड्या कमी मोजल्या जातात. छोट्या, घट्ट स्रोतांसाठी हे सगळं चालून जातं. तीन आर्कमिनिटांच्या पाळीसाठी नाही.

पायरी ६: जेट पळताना पाहा

इथे मोजावे हा प्रकल्प अक्षरशः खजिना आहे. व्हीएलबीएने १५ गिगाहर्ट्झवर शेकडो जेट वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा पाहिले आहेत. मालिका १९९४ पासूनच्या निरीक्षणांपर्यंत मागे जाते. प्रत्येक स्रोताच्या प्रतिमा तारखांसह खुल्या आहेत, काहींचे चलतपटही.

३सी २७३ घ्या. मार्टिन श्मिट यांनी १९६३ मध्ये ज्याची ताम्रसृती (प्रकाश लांब तरंगलांबीकडे किती सरकला त्याचं माप) ०.१५८ असल्याचं ओळखलं, तोच हा क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचं अतितेजस्वी केंद्र. तिथे एक मिलिआर्कसेकंद म्हणजे सुमारे २.७ पार्सेक, जवळपास ९ प्रकाशवर्षं. वेगवेगळ्या वर्षांच्या प्रतिमा एकाखाली एक लावा, केंद्र जुळवा, आणि जेटमधल्या एखाद्या गाठीचं, म्हणजे उजळ ठिपक्याचं, अंतर मोजत जा. ती वर्षाला एक मिलिआर्कसेकंद सरकली तर वर्षात ९ प्रकाशवर्षं. ताम्रसृतीची दुरुस्ती धरून प्रकाशाच्या सुमारे दहापट!

हे गणित चुकलेलं नाही. गाठ जवळजवळ आपल्याच दिशेने येते आहे आणि स्वतःच्या प्रकाशाचा पाठलाग करते आहे. आज सोडलेला प्रकाश आणि वर्षाने सोडलेला प्रकाश यांत आपल्यापाशी पोहोचताना वर्षाचं अंतर उरत नाही, कारण मधल्या काळात गाठही बरीच पुढे आलेली असते. कालावधी आखडतो, वेग फुगतो. मार्टिन रीस यांनी १९६६ मध्येच हे होईल असं मांडलं होतं. प्रत्यक्ष मोजमाप काही वर्षांनी आलं. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाची गाठ आपल्या दृष्टिरेषेशी १० अंश कोन करून निघाली तर ती जवळपास सातपट वेगाने सरकताना दिसते.

त्याच आकड्यांतून दुसरी गोष्ट निघते. आपल्याकडे येणाऱ्या जेटचं तेज वाढतं, दूर जाणाऱ्याचं घटतं. याच वेगाला आणि कोनाला दोन सारख्या जेटांच्या तेजात लाखाहून जास्त पटींचा फरक पडतो. म्हणून बहुतेक प्रतिमांत एकच जेट दिसतो. एम ८७ चा ‘विलक्षण सरळ किरण’ हेबर कर्टिस यांनी १९१८ मध्ये नोंदवला, तोही एकाच बाजूचा. दुसरा जेट नसतो असं नाही. तो आपल्याकडे पाठ करून जातो.

एक सावधगिरी: ‘केंद्र’ म्हणून जो ठिपका तुम्ही जुळवता ते कृष्णविवर नसतं. जेट जिथून पारदर्शक होतो, ती ही जागा असते, आणि वारंवारता वाढवली की ती कृष्णविवराकडे सरकते. म्हणून वेगवेगळ्या वारंवारतांच्या प्रतिमा केंद्रावर केंद्र ठेवून जुळवू नयेत.

पायरी ७: वायूकडे वळा

इथपर्यंत प्रतिमा सपाट होत्या. वायूसाठी घन लागतो: दोन बाजू आकाशाच्या, तिसरी वारंवारतेची. कार्टामध्ये घन उघडून एकेक चकती सरकवत गेलं की फिरणाऱ्या तबकडीची एक बाजू आधी उजळते, मग मधला भाग, मग दुसरी बाजू. हे पहिल्यांदा पाहताना मजा येते, हे कबूल केलं पाहिजे.

अल्मा हे यासाठीचं मुख्य साधन. चिलीतल्या सुमारे ५००० मीटर उंचीच्या पठारावर ६६ ॲंटेना. निरीक्षकांची राखीव मुदत साधारण वर्षभराची. त्यानंतर घन संग्रहातून उतरवता येतो. फाइल मोठी असते, म्हणून तयार घनच घ्या, कच्चा डेटा नको.

वेगाच्या दोन व्याख्या चालतात हे आधी तपासा. रेडिओ व्याख्येत वारंवारतेतला फरक मूळ वारंवारतेने भागतात, प्रकाशीय व्याख्येत निरीक्षित वारंवारतेने. २३०.५३८ गिगाहर्ट्झची रेषा २२९ वर दिसली तर पहिल्या हिशेबाने वेग सेकंदाला २००० किलोमीटर, दुसऱ्याने २०१३. तेरा किलोमीटरचा वायुप्रवाह ‘सापडला’ म्हणून कुणी नाचण्याआधी हेडर पाहिलेला बरा.

मग वस्तुमान. वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या, भागिले गुरुत्व स्थिरांक. त्रिज्या पार्सेकमध्ये आणि वेग सेकंदाला किलोमीटरमध्ये घेतला तर स्थिरांक ०.००४३, आणि उत्तर सूर्यांमध्ये येतं. याचं सर्वांत देखणं उदाहरण एनजीसी ४२५८. तिथल्या पाण्याच्या वाफेचे ठिपके मेसरसारखे, म्हणजे रेडिओ लहरींच्या लेसरसारखे, झगझगतात आणि व्हीएलबीएने ते केंद्राभोवती एका पातळ, जवळजवळ कडेवर उभ्या तबकडीत फिरताना दाखवले. निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. केंद्रापासून सुमारे ०.१६ पार्सेकवर वेग सेकंदाला साधारण १००० किलोमीटर. गुणाकार करा: पावणेचार कोटी सूर्य. अर्ध्या प्रकाशवर्षाच्या आत एवढं वस्तुमान, आणि बाहेर जावं तसा वेग सूर्याभोवतीच्या ग्रहांसारखा कमी होत जातो. ताऱ्यांचा गुच्छ असा वागणार नाही. महाकाय कृष्णविवरांच्या पुराव्यांत मला हा ईएचटीच्या वलयाइतकाच मोलाचा वाटतो, जरी त्याचं पोस्टर कुणी छापलेलं नाही.

वायू उजेडातच दिसतो असं नाही, सावलीतही दिसतो. मागे तेजस्वी रेडिओ केंद्र असेल आणि पुढे थंड ढग आला तर त्याच्या रेषेच्या जागी वर्णपटात खाच पडते. खाचेची खुबी अशी की ढग केंद्राच्या पुढे आहे हे तिथे आपोआप ठरतं. मग तो आपल्यापासून दूर सरकत असेल तर जातोय कुठे? केंद्राकडेच. सुमारे १०० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एबेल २५९७ या दीर्घिकासमूहाच्या मध्यवर्ती दीर्घिकेत अल्माला अशा तीन खाचा सापडल्या. थंड ढग सेकंदाला ३०० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने आत कोसळत होते. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. उजेडातल्या रेषेत ही दिशा ठरवता येत नाही, कारण दूर सरकणारा वायू केंद्राच्या अलीकडे आहे की पलीकडे हे कळत नाही.

जेट आणि वायू कधी एकमेकांना भिडतातही. ४सी १२.५० या स्रोतात जेटच्या टोकाशीच हायड्रोजन जोरात बाहेर ढकलला जाताना दिसला. अशा ठिकाणी घनातली वायूची प्रतिमा आणि सपाट रेडिओ प्रतिमा एकमेकींवर ठेवायची. रेषा रुंदावते ती जागा आणि जेटची गाठ जुळली तर धक्का लागल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

पायरी ८: स्वतः प्रतिमा बनवा

कासा या मोफत सॉफ्टवेअरसोबत सरावाचे डेटासंच आणि पायरीपायरीने नेणारे धडे मिळतात. तेच करा, पहिल्याच दिवशी अनोळखी डेटा घेऊ नका. क्रम असा: निरीक्षणाची यादी वाचा, मोबाइल-उपग्रहांच्या गडबडीने बिघडलेले तुकडे काढून टाका, ३सी २८६ सारख्या ज्ञात स्रोतावरून तीव्रतेचं माप बसवा, शेजारच्या बिंदुस्रोतावरून ॲंटेनांच्या चुका काढा, त्या दुरुस्त्या आपल्या स्रोताला लावा, आणि शेवटी प्रतिमा.

ॲंटेना मोजक्या असल्यामुळे बीमला मुख्य ठिपक्याभोवती किरणांसारखे काटे असतात, ते साइडलोब. स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ यान होगबोम यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेली क्लीन पद्धत ते एकेक करून वजा करते. माझ्या पहिल्या प्रतिमेत केंद्राच्या दोन्ही बाजूंना सुरेख, सममित जेट उगवले होते. आठवडाभर मी त्यांच्या प्रेमात होतो. ते काटे निघाले. तेव्हापासून तीन चाचण्या केल्याशिवाय मी जेट म्हणत नाही. पहिली, बीमची स्वतःची प्रतिमा उघडून काट्यांची दिशा ताडून पाहणं. दुसरी, निरीक्षणाचा वेळ अर्धा-अर्धा करून दोन प्रतिमा बनवणं. तिसरी आणि सर्वांत भरवशाची, वारंवारता बदलणं: साइडलोब केंद्राजवळ किंवा दूर सरकतात, खरा जेट जागेवर राहतो.

खंडाखंडांवरच्या दुर्बिणी जोडताना प्रत्येकीच्या डोक्यावरची हवा वेगळी असते आणि लहरींची कला (फेज) कोलमडते. तिथे तीन दुर्बिणींचा त्रिकोण उपयोगी पडतो. तिन्ही बाजूंच्या कला बेरजेत घेतल्या की प्रत्येक दुर्बिणीची चूक एकदा अधिक, एकदा उणे येऊन कटते. ही युक्तीही सिग्नस एवाल्या जेनिसन यांचीच, १९५८ ची.

पायरी ९: आता वलय

ईएचटीने १० एप्रिल २०१९ ला जाहीर केलेली एम ८७ ची प्रतिमा एप्रिल २०१७ च्या निरीक्षणांची आहे. सहा ठिकाणच्या आठ दुर्बिणी होत्या, पण दक्षिण ध्रुवावरून एम ८७ दिसतच नाही, म्हणून या स्रोतासाठी सातच. इतक्या विरळ डेटातून एकाहून जास्त चित्रं निघू शकतात, म्हणून आधी चार गटांनी एकमेकांशी न बोलता प्रतिमा बनवल्या. चौघांनाही वलय मिळालं: व्यास ४२ मायक्रोआर्कसेकंद.

पायरी २ मधला आकडा काढा. घटना क्षितिजाचा व्यास सुमारे १५, वलयाचा ४२. म्हणजे वलय हे क्षितिज नव्हे. वाकलेल्या प्रकाशाने क्षितिजाची सावली अडीच पटींहून जास्त मोठी दिसते आणि तिच्या कडेला वायूचं तेज असतं. नारिंगी रंग निवडलेला आहे. एक बाजू जास्त उजळ आहे ती तिथे वायू जास्त म्हणून नव्हे, तो आपल्या दिशेने येतोय म्हणून. पायरी ६ मधलाच परिणाम. २०१८ च्या निरीक्षणांत व्यास तेवढाच राहिला आणि उजळ भाग सुमारे ३० अंशांनी सरकला. वायू खळबळतो, वस्तुमान जागचं हलत नाही.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या सॅजिटॅरियस ए-स्टार या कृष्णविवराची प्रतिमा १२ मे २०२२ ला आली. वस्तुमान ४० लाख सूर्य, अंतर सुमारे २७ हजार प्रकाशवर्षं, वलय ५२ मायक्रोआर्कसेकंदांच्या आसपास. आकाशात दोघांचा आकार जवळपास सारखा, पण इथला वायू मिनिटांत फेरी मारतो आणि एका रात्रीच्या निरीक्षणात चित्र कितीदा तरी बदलतं. शिवाय मधला आयनीभूत वायू प्रतिमा विस्कटतो, आणि हे विस्कटणं तरंगलांबीच्या वर्गाने वाढतं. २१ सेंटिमीटरवर बेसलाइन कितीही लांबवली तरी उपयोग नाही.

जेट आणि वायू एकाच चौकटीत पाहायचे असतील तर एम ८७ ची ३.५ मिलिमीटरची प्रतिमा शोधा. निरीक्षण एप्रिल २०१८ चं, प्रसिद्धी २०२३ ची. तिथे वलयाचा व्यास ६४ मायक्रोआर्कसेकंद आहे. कृष्णविवर तेच, वलय दीडपट मोठं, कारण या तरंगलांबीला आत कोसळणारा वायू पुरेसा पारदर्शक नाही आणि त्याचंच तेज पुढे येतं. त्याच वलयापासून निघून कडा उजळ असलेला जेट बाहेर पसरताना दिसतो. ईएचटीचा २०१७ चा जुळवलेला डेटा खुला आहे आणि तो वाचायला पायथॉनमधलं मोफत सॉफ्टवेअरही आहे. उतरवून घेतलात तर प्रतिमेकडे वळण्याआधी नुसत्या तीव्रता बेसलाइनच्या लांबीपुढे मांडा. लांबी वाढते तशी तीव्रता पडत जाते, तळाला टेकते, आणि पुन्हा चढते. सिग्नस एच्या वेळी जेनिसन आणि दासगुप्तांनी पाहिला तसाच चढ-उतार, आणि वलयाचा व्यास त्या तळाच्या जागेवरूनच निघतो.